सात नंबर टेबलाची वही

१

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास हिवरगावच्या वाचनालयातलं लोखंडी कपाट मी उघडलं. वरच्या खणातलं लाल फडकं उचललं आणि ते हाताला इतकं हलकं लागलं, की उलगडायच्या आधीच कळलं. आत वही नव्हती. कुलूप शाबूत होतं, बाकीचे कागद जिथल्या तिथं होते आणि फडक्याची चारी टोकं जुळवून व्यवस्थित घडी घातलेली होती.

ज्यांची वही होती त्या छबूबाई माझ्या मागेच उभ्या होत्या.

"न्हाई?" त्यांनी विचारलं.

"असेल इथंच कुठंतरी," मी म्हणालो. आयुष्यभर तहसीलमध्ये नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आपोआप निघतं.

आधी थोडं समजून घ्या. हिवरगाव नावाचा विधानसभेचा मतदारसंघ होता, हे आता इथल्या पोरांना सांगितलं तर ती आपल्या तोंडाकडं बघत राहतात. हैदराबाद राज्य असताना, १९५२ साली तो जन्मला आणि २००९ च्या निवडणुकीआधी नव्या आखणीत त्याचे तीन तुकडे होऊन तीन शेजाऱ्यांच्या पानात वाढले गेले. बारा निवडणुका, सात आमदार. पहिले अस्खलित उर्दूत भाषण करायचे आणि लोक न समजता टाळ्या वाजवायचे. तिसऱ्यांनी पाच वर्षांत सभागृहात एकदाच तोंड उघडलं, तेही आपलं नाव चुकीचं पुकारलं म्हणून. हे सगळं कुणीतरी लिहून ठेवावं म्हणून गावानं एक समिती केली आणि अध्यक्ष मला केलं. मी निवृत्त नायब तहसीलदार, नाव दत्तराव. नोकरीत माझी ख्याती एकच होती. हरवलेली फाइल शोधायची तर दत्तरावांना सांगा, असं जिल्ह्याच्या कचेरीतसुद्धा म्हणायचे. पुस्तकाचं प्रकाशन रविवारी होतं.

आणि छबूबाई म्हणजे १९८५ साली छत्री या निशाणीवर उभं राहून अठ्ठेचाळीस मतांनी पडलेल्या भागवतरावांच्या पत्नी. वय पंच्याहत्तर. भागवतरावांना जाऊन दोन वर्षं झाली. सोमवारी त्यांनी स्वतः येऊन ती वही माझ्या हातात दिली होती. त्या मतमोजणीत छबूबाईंचा धाकटा भाऊ राधाकिशन हा भागवतरावांचा प्रतिनिधी म्हणून टेबलाशी बसला होता. वही त्याच्या हातची.

"साहेब, सकाळीच गंगाखेडहून राजेश्रीचा, म्हंजी त्याच्या लेकीचा फोन आला," छबूबाई म्हणाल्या. "राधू लय जड हाय. डॉक्टरानं घरी न्या म्हणून सांगितलं. मी आजच निघते. माझी वही द्या."

"दोन दिवस द्या मला, छबूबाई. शोधतो."

"मी देईन दोन दिवस. त्याच्यापाशी हायत का दोन दिवस, ते कोणाला इचारू?"

असं म्हणून त्या वाचनालयाच्या पायरीवर जाऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. वही मिळाल्याशिवाय उठणार नाही, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

२

पायरीवर त्यांच्याशेजारी बसून मी विचारलं, "वहीत काय आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"मला कुठं वाचता येतं!" त्या म्हणाल्या. "निकाल लागला त्या सांजेला राधू आमच्या दारात आला. म्हणला, दाजी, आपण पडलो न्हाई. आपला पन्नासाचा एक गठ्ठा त्यांच्या नावावर गेलाय, मी डोळ्यानं बघितलं. पण गावात तवर बोलायला लागले हुते की छबूच्या माहेरानं, टाकळीनं दगा दिला, तिथली मतं फिरली. ह्यांनी तेच खरं धरलं. म्हणले, तुझ्या गावाचं पाप झाकायला आलायस व्हय? उंबऱ्यातूनच परत लावलं. जाता जाता त्यानं ही वही माझ्या हातात कोंबली. आक्का, ह्याच्यात हाय समदं, म्हणला. तवापासून माहेर तुटलं."

"मग इतकी वर्षं कुणाकडून वाचून का नाही घेतलीत? नातवंडं शिकलेली आहेत तुमची."

त्या म्हणाल्या, "भ्या वाटायचं. राधू खोटा निघाला तर भाऊ गेला. खरा निघाला तर मी चाळीस वर्षं काय केलं? कण्या-कोंड्याच्या कणगीत पुरून ठेवली हुती. राधू अंथरुणाला लागला तवा काढून तुमच्याकडं आणली, तुमी वाचाल म्हणून. आता त्यो चालला. आता तरी ती वही घेऊन जाईन, म्हणीन, राधू, तू खरा हुतास. रिकाम्या हातानं कोणत्या तोंडानं जाऊ?"

अठ्ठेचाळीस मतं. गठ्ठा पन्नासाचा. ज्याचा नव्हता त्याच्या खात्यातून पन्नास वजा करा, ज्याचा होता त्याच्यात पन्नास मिळवा, म्हणजे शंभरचा फरक पडतो. भागवतराव बावन्न मतांनी निवडून आले असते.

हे गणित मी पायरीवर बसल्या बसल्या केलं असं छबूबाईंना वाटलं असेल. खरं म्हणजे ते मला चाळीस वर्षं पाठ होतं. सोमवारी ती वही हातात आली तेव्हा मी ती उघडली नाही, "सवडीनं बघू" म्हणून सरळ कपाटात ठेवली. त्याचं कारण सांगायची मला लाज वाटते, पण आता सांगायलाच हवं.

तेव्हा मतपत्रिका होत्या. एका फेरीला टेबलावर हजार मतपत्रिका येत. मोजायला बहुतेक शाळेतले गुरुजी असत. ते निशाणी बघून मतं वेगळी करत, पन्नासाचा गठ्ठा झाला की रबर लावत आणि वर उमेदवाराच्या नावाची चिठ्ठी खोचत. पर्यवेक्षकाचं काम एवढंच, की चिठ्ठीवर विसंबायचं नाही. प्रत्येक गठ्ठा चाळून आत तीच निशाणी आहे ना ते बघायचं आणि मग सही करायची.

राधाकिशन बसला होता ते टेबल सात नंबरचं. तिथं मोजत होते टेकाळे गुरुजी, ज्यांनी मला चौथीत पाढे शिकवले. आणि पर्यवेक्षक होतो मी, सत्तावीस वर्षांचा कारकून. बाकीच्यांचे गठ्ठे मी चाळले. गुरुजींनी बांधलेला गठ्ठा त्यांच्या डोळ्यांदेखत सोडून तपासायचा, हे माझ्याच्यानं झालं नाही. तसं करणं म्हणजे गुरुजींच्या तोंडावर त्यांना चुकलात म्हणणं, असं मला वाटलं. मी चिठ्ठी बघून सही करत गेलो. मध्ये कुणीतरी हरकत घेतली होती. त्याला मी काय म्हणालो ते आपल्याला आठवत नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो होतो. शेवटी निवडणूक अधिकाऱ्यांनी विचारलं, सगळ्या टेबलांची खात्री आहे ना? मी म्हणालो, होय साहेब.

म्हणजे ही वही नाहीशी व्हावी असं वाटणारा गावात पहिला माणूस कोण असेल, तर तो मीच. आणि शोधायचं कामही माझ्याकडेच आलं होतं.

३

मी चहाच्या टपरीपर्यंत पोचायच्या आत गावानं निकाल लावून टाकला होता. "किल्ली कोणाकडं? सिद्धोधनकडं. मग इचारायचं काय त्यात?" चौघंपाच जण एकमेकांना सांगत होते. सिद्धोधन आमचा ग्रंथपाल. बौद्ध वस्तीतला, पन्नाशी उलटलेला, अठ्ठावीस वर्षांत एक वर्तमानपत्र गहाळ होऊ न दिलेला माणूस. त्याच किल्लीची जोड माझ्या घरी आहे, हे त्या चौघापाच जणांना ठाऊक होतं. माझं नाव कुणी घेतलं नाही. मीही तिथं उभा राहून चहा पीत राहिलो, एक अक्षर बोललो नाही. ही त्या दिवसातली माझी आणखी एक कमाई.

वाचनालयात परत आलो तर सिद्धोधन टेबलाशी उभा होता. बस म्हटलं तरी बसला नाही.

"दोन किल्ल्या हायत साहेब. एक माझी, एक तुमच्या घरची. काल बुधवारी मी दिवसभर परभणीला होतो, तुमच्याच पुस्तकाच्या कामानं छापखान्यात. पेपर वाचणाऱ्यांसाठी वाचनालयाचं दार उघडंच ठेवलं होतं. छापखानेवाल्याला फोन लावून इचारा. किल्ली माझ्या खिशात होती. मंगळवारी संध्याकाळी कुलूप लावलं तवा वही आत होती. ती मी माझ्या हातानं फडक्यात बांधली."

"का बांधलीस? कुणी सोडली होती?"

त्यानं भेटीचं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं.

"ह्याच्यात लिवलेलं हाय. मी तोंडानं कोणाचं नाव घेणार न्हाई. लोक माझं नाव कसं घ्यायलेत ते सकाळपासून ऐकायलोय."

मंगळवारच्या पानावर दोन नोंदी होत्या. सकाळी अकरा, आदिनाथ: आजोबांचे फोटो पाहण्यासाठी. दुपारी साडेचार, ज्ञानेश्वरी: कागदपत्रांचे फोटो काढण्यासाठी.

ज्ञानेश्वरी माझी सून. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि पुस्तकाचं सगळं टंकलेखन तीच करत होती. फोटो काढायला मीच तिला पाठवलं होतं. माझं बोट आदिनाथच्या नावावर थांबलं. १९८५ साली शिडी या निशाणीवर अठ्ठेचाळीस मतांनी निवडून आलेले आमदार शिवशंकरराव, त्यांचा हा नातू.

आणि मला एकदम आठवलं, बुधवारी सकाळी आदिनाथ माझ्या घरी आला होता. मी आंघोळीला गेलो होतो. तो ओसरीवर एकटाच बसला होता, दाराजवळ, आणि कपाटाची किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेली असते. मी बाहेर आलो तोवर तो न सांगता निघून गेला होता.

४

आदिनाथचं फाट्याच्या रस्त्याला कृषी सेवा केंद्र आहे. बियाण्यांच्या पिशव्यांमधून वाट काढत मी आत गेलो आणि आडपडदा न ठेवता विचारलं, "काल माझ्या घरून पळालास का?"

तो चांगला पस्तिशीचा बाप्या, पण कानापर्यंत लाल झाला.

"काका, खरं सांगू? एक सांगायला आलो होतो. तुमी आंघोळीला. बसल्या बसल्या मलाच लाज वाटायली, म्हणून उठून गेलो."

"कशाची लाज?"

"पुस्तकात आजोबांच्या नावापुढं अठ्ठेचाळीस हा आकडा हाय. तेवढा काढा म्हणणार होतो. नुसतं विजयी लिहा. आजोबा असेपर्यंत आमच्या घरात त्या आकड्याचं नाव कोणी काढलेलं चालायचं न्हाई. मिरवणुकीचा फोटोसुद्धा त्यांनी कधी भिंतीला लावू दिला न्हाई. का, ते मला माहीत न्हाई. पण काहीतरी त्यांना टोचायचं, एवढं खरं."

वही ज्याच्या हाती लागली आहे, तो आकडा काढा म्हणायला कशाला येईल? त्याला आकड्याची पर्वाच राहणार नाही. आणि वही लांबवायची तर हा माणूस मला असं घरचं दुखणं सांगून स्वतःवरच संशय ओढवून घेणार नाही.

तरी मी विचारलं, "माझ्या घरून कुठं गेलास?"

"तसाच गाडी काढून जिंतूरला. कंपनीची मीटिंग होती. संध्याकाळी परत आलो. पण झालंय काय?"

"मग सांगतो," म्हणून मी बाहेर पडलो. रस्त्यानं चालता चालता बुधवारची सकाळ पुन्हा मनात लावून बघितली. आंघोळीनंतर, दहाच्या सुमारास, मी घराला कुलूप लावायला म्हणून खिळ्यावरून किल्ली काढली तर आधी हातात आली ती कपाटाचीच. तिला परत अडकवून मी घराची घेतली. म्हणजे आदिनाथ गेल्यानंतर किल्ली जागेवर होती. तोवर तो जिंतूरच्या वाटेला लागलेला. सिद्धोधन परभणीत. वही गेली ती त्यानंतर, आणि गेली ती त्याच किल्लीनं, जी नंतर परत त्याच खिळ्याला लागली, कारण आज सकाळी मी ती तिथूनच घेतली होती.

माझा मुलगा पुण्याला नोकरीला असतो. माझी पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. घरात मी आणि सून, आम्ही दोघंच राहतो.

मी मध्येच थांबलो. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं शिवी दिली, तीही नीट ऐकू आली नाही.

५

तरी मन मानेना. ती कशाला नेईल? तिचा त्या निवडणुकीशी संबंध काय? १९८५ साली ती जन्मलीसुद्धा नव्हती.

वाचनालयात पुस्तकाची मुद्रितं पडली होती. सिद्धोधननं ती काल परभणीहून आणली होती. मंगळवारी रात्री ज्ञानेश्वरीनं पेन ड्राइव्ह त्याच्याकडं दिला होता, त्यावरून काढलेली. मी पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या याद्या उघडल्या. प्रत्येक निवडणुकीच्या मतमोजणीला कोण कोण कर्मचारी होते त्यांची नावं मी हौसेनं गोळा केली होती. जुन्या सहकाऱ्यांना फोन करकरून. १९७८ ची यादी होती. १९८० ची होती. १९९० ची होती. १९८५ ची नव्हती. सोमवारपर्यंत ती होती, मी स्वतः वाचली होती: टेबल सात, पर्यवेक्षक, त्यापुढं माझं नाव.

वही नेणाऱ्याला आदिनाथच्या आजोबांना वाचवायचं नव्हतं. त्यांचा आकडा तसाच ठेवला होता. यादी काढणाऱ्याला वही वाचून एकाच माणसाचं नाव लपवायचं होतं. ती वही मंगळवारी साडेचार वाजता सोडून वाचणारी, त्याच रात्री यादी काढून टाकणारी आणि बुधवारी माझ्या खिळ्यावरची किल्ली नेणारी व्यक्ती एकच होती.

सिद्धोधननं मान वर केली नाही. त्याला हे सकाळपासून कळलेलं होतं. गावभर बोल खात त्यानं माझ्या घरचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

शाळेत मधली सुट्टी झाली होती. ज्ञानेश्वरी वर्गात एकटीच डबा उघडून बसली होती. मला दारात बघितल्याबरोबर तिनं डबा मिटला.

"मामा, बसा."

"वही आहे का जाळलीस?"

तिनं पर्समधून काळ्या पुठ्ठ्याची वही काढून बाकावर ठेवली.

"जाळायला घेतली होती. झालं न्हाई माझ्याच्यानं. इतकं नीट लिहिलेलं होतं." मग ती भरभर बोलायला लागली. "रविवारी सगळ्यांसमोर कोणीतरी ती वाचली असती. तुमची सगळी नोकरी, तुमचं नाव, एका दुपारात गेलं असतं. मला वाटलं, वही हरवली म्हणतील अन् दोन दिवसांनी इसरतील. त्या बाईला वाचता पण येत न्हाई."

"ती बाई सकाळपासून पायरीवर बसलीय. तिचा भाऊ मरायला टेकलाय आणि ही वही घेतल्याशिवाय ती त्याच्याकडं जाऊ शकत नाही. आणि टपरीवर लोक सिद्धोधनला चोर म्हणतायत."

ती बाकावरून उठली. "त्यांचं नाव घेतलं लोकांनी? मला माहीत नव्हतं, मामा. शपथ."

मी वही उघडली. सात नंबर टेबल, चौथी फेरी. अक्षर खरंच सुरेख होतं. "गठ्ठा अकरावा. आतली मते छत्री. वर चिठ्ठी शिडीची लावली गेली. पर्यवेक्षक साहेबांना सोडून बघा म्हणून तीन वेळा विनंती केली. साहेब म्हणाले, गुरुजी चुकत नसतात, तू गप बैस." पुढं तारीख आणि वेळ.

तो मला अहोजाहो करत होता आणि मी त्याला तू म्हणालो होतो. तेही त्यानं लिहून ठेवलं होतं.

"मामा, मी तुमच्यासाठी केलं," ज्ञानेश्वरी रडवेल्या आवाजात म्हणाली.

"ठाऊक आहे. मीही गुरुजींसाठीच केलं होतं. मी त्यांचा गठ्ठा सोडून बघितला नाही आणि तू माझा कुणाला बघू दिला नाहीस. दोघांनीही आदरच दाखवला. भोगलं मात्र दुसऱ्यांनी."

तिला रागवायचं बळ माझ्यात नव्हतं आणि अधिकार तर नव्हताच. ती म्हणाली, "सिद्धोधन काकांची माफी मी मागते, सगळ्यांसमोर." मी म्हटलं, आधी मला मागू दे.

६

वाचनालयासमोरच्या टपरीपाशी उभं राहून मी ती नोंद मोठ्यानं वाचली. वाचून झाल्यावर सांगितलं, हा पर्यवेक्षक म्हणजे मी आणि ही वही माझ्याच घरच्या माणसानं नेली होती. सकाळी सिद्धोधनचं नाव घेणारे चौघंपाच जण जमिनीकडं बघत होते. मी त्याला हात जोडले. ज्ञानेश्वरीनंही जोडले. तो म्हणाला, "ठीक हाय साहेब, कुलूप लावायचंय मला," आणि आत गेला. त्यानं माफ केलं की नाही ते मला आजही ठाऊक नाही, आणि विचारायचं धाडस होत नाही.

आदिनाथ गर्दीत मागं उभा होता. आपले आजोबा त्या वर्षी खरं म्हणजे निवडून आलेच नव्हते, हे त्याला आत्ता कळत होतं. तो पुढं आला आणि छबूबाईंना म्हणाला, "आजी, गाडी काढतो. एस्टीनं उशीर होईल." त्या वही घेऊन गाडीत बसल्या. मीही बसलो.

परभणी मागं पडल्यावर छबूबाईंनी विचारलं, "साहेब, खरंच तसं लिवलंय? माझा भाऊ खरा हुता?"

"खरा होता."

"अन् तुमी तवा बघितलं असतं तर?"

"तर तुमचं माहेर तुटलं नसतं."

त्यांनी मान खिडकीकडं वळवली. उसाच्या मोळ्यांनी भरलेल्या बैलगाड्यांमागं आमची गाडी रखडत होती आणि आदिनाथ हॉर्न न वाजवता चालवत होता. मला कुणीतरी शिव्या घालाव्यात असं वाटत होतं. कुणी घातल्या नाहीत.

गंगाखेडला राधाकिशनचं घर दोन खोल्यांचं. तो खाटेवर होता, उशा लावून बसवलेला. छातीचा भाता झालेला, पण डोळे स्वच्छ. राजेश्रीनं "आप्पा, आत्या आली" म्हटलं, तर त्यानं बहिणीकडं नाही, आधी माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षांनी त्यानं मला ओळखलं.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. गठ्ठा सोडून बघितला नाही, तो खरं बोलत होता, चूक माझी होती. काही न वगळता सांगितलं.

"साहेब," तो थांबत थांबत म्हणाला, "तुमच्यावर माझा राग न्हाई. तुमी परके. परक्या माणसानं न्हाई ऐकलं, तर त्याचं काय मनाला लावून घ्यायचं."

छबूबाई खाटेजवळ खाली बसल्या. वही त्यांनी दोन्ही हातांनी पुढं धरली. "राधू, तू खरा हुतास रे. ह्याच्यात समदं लिवलेलं हाय."

त्यानं वहीला हात लावला नाही.

"आक्का, तुला वाचता येतं का?"

"न्हाई."

"मंग तुला कसं कळलं, काय लिवलंय?"

"ह्या साहेबांनी वाचलं."

"म्हंजी ज्यानं चूक केली, त्यानं सांगितलं तवा तुझा इश्वास बसला." त्याला धाप लागली. राजेश्री पुढं झाली, त्यानं तिला हातानं थांबवलं. "हेच मी तुझ्या दारात उभं ऱ्हाऊन सांगितलं हुतं. तुझ्या तोंडाकडं बघून. दाजी परके हुते. तू तर माझी आक्का हुतीस ना?"

छबूबाईंनी वही खाली ठेवली. त्यांनी तोंडाला पदर लावला नाही, नवऱ्याचं नाव पुढं केलं नाही, मी अडाणी म्हणून कारण दिलं नाही. "व्हय," एवढंच म्हणाल्या. "हुते."

मी आणि आदिनाथ बाहेर अंगणात येऊन उभे राहिलो. थोड्या वेळानं आतून छबूबाईंचा आवाज आला, अगदी साधा, रोज एकाच घरात राहणाऱ्या माणसाचा असतो तसा. त्या राजेश्रीला विचारत होत्या, ह्याला दुपारचं औषध दिलं का, आणि ते पाण्यातनं द्यायचं का दुधातनं. राजेश्री काही बोलायच्या आधी राधाकिशनच म्हणाला, "दुधातनं दे, आक्का."